बाईंची उलट वकिली

बाईंच्या खोलीत गेलेल्या माणसाला आधी खुर्ची मिळायची नाही, आधी बंदूक मिळायची. "धरा," एवढंच म्हणून बाई कोपऱ्यातली एखादी कार्बाइन उचलायच्या आणि समोरच्याच्या हातात ठेवायच्या. ती लाकडी असायची, आत शिशाचे तुकडे भरून खरीइतकी जड केलेली. पण वरचा काळा रंग इतका झकास की नवख्याची बोबडीच वळायची. कुरिअरवाला, चहावाला, एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा मालकांच्या सासूबाई कारखाना बघायला आल्या. मालक "आई, या आमच्या चीफ डिझायनर" असं म्हणेपर्यंत बंदूक सासूबाईंच्या हातात गेलेली होती. त्यांनी ती नातवाला घ्यावी तशी आडवी कुशीत धरली. बाई खूश झाल्या. "बघा, डावा हात न सांगता तोलावर गेला. पण दस्ता यांना लांब पडतोय." सासूबाईंनी घरी गेल्यावर जावयाला विचारलं म्हणे, की तुम्ही नक्की धंदा तरी कसला करता.

आमचा धंदा कार्बाइन बनवण्याचाच होता. महाप्याच्या एमआयडीसीत एक औषधांचं गोदाम आणि एक बिस्किटांचा कारखाना यांच्या मधोमध आमची छोटी, रीतसर परवाना असलेली कंपनी. बाहेर बोर्डावर फक्त 'प्रिसिजन' असा काहीतरी मोघम शब्द होता, त्यामुळे रिक्षावाले आम्हाला चष्म्याचे कारखानदार समजायचे. कार्बाइन म्हणजे रायफलीची धाकटी बहीण. नळी आखूड, वजन कमी, गाडीत बसून पहारा देणाऱ्या पोलिसाला सोयीची. आम्ही करायचो त्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पुढची आपोआप नळीत येऊन बसते खरी, पण ती सोडायला पुन्हा दाबावं लागतं. पोलिसांना तेच हवं असतं. माणसांच्या गर्दीत पाऊस पाडून चालत नाही.

मी तिथे डिझाइन इंजिनिअर होतो. मूळचा सांगलीचा, घणसोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि स्वतःच्या अकलेवर जरा जास्तच भरवसा असणारा. बाई माझ्या साहेब. त्या बोनकोड्याच्या, गावठाणातल्या. नवी मुंबई त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी राहिली, पण त्याबद्दल त्या कधी रडगाणं गायच्या नाहीत. गावातल्या पहिल्या इंजिनिअर. सरकारी नोकरीत उभी हयात बंदुकांच्या डिझाइनमध्ये काढली, रिटायर झाल्या, घरी आल्या, महिनाभर शांत बसल्या आणि मग आमच्या मालकांच्या समोर येऊन म्हणाल्या, "मला काम पाहिजे. पगार नंतर बोलू." सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि गळ्यात शिंप्यासारखी मापाची टेप. डबा उघडला की सुकटीचा वास मालकांच्या केबिनपर्यंत जायचा. मालक शुद्ध शाकाहारी. ते उठून खिडकी उघडायचे, आणि बाई इथून ओरडायच्या, "उघडा, उघडा, बिस्किटवाल्यांनाही जरा चव कळू दे."

"बंदूक बघू नका, कोपर बघा," हे त्यांचं पालुपद. कार्बाइन धरलेल्या माणसाच्या हाताकडे, खांद्याकडे, मानेकडे त्या टक लावून बघायच्या. कोपर बाहेर फेकलं गेलं, की दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी चुकली. मान पुढे गेली, की नेम धरायची पट्टी बुटकी पडली. आम्ही कागदावर तक्ते करून आणायचो: हिचं वजन इतकं, तिची लांबी इतकी, हिची मॅगझीन अशी. बाई तक्ता बाजूला सारायच्या. "हे सगळं तिच्याबद्दल झालं. धरणाऱ्याबद्दल काय?"

ही तुलनेची खोड बंदुकांपुरती राहिली असती तर आमचं जरा बरं चाललं असतं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मी त्यांच्याबरोबर वाशीला छत्री घ्यायला गेलो, ही माझी चूक. बाईंनी दुकानदाराला दुकानातली प्रत्येक जातीची छत्री उघडायला लावली. मग माझ्या एका हातात भाजीची जड पिशवी दिली आणि म्हणाल्या, "आता एका हातानं उघड. घाई आहे असं समज." मी उघडत होतो, छत्र्या तोंडावर येत होत्या, गिऱ्हाइकं जमली होती. शेवटी दुकानदार रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, छत्रीच आहे ना? पाऊस लागला नाही म्हणजे झालं ना?" बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, पाऊस यायच्या आधी ती उघडायला नको का?" आणि सगळ्यांत कुरूप, लाकडी मुठीची छत्री घेऊन निघाल्या.

मोऱ्याचा किस्सा तर आमच्या कंपनीत अजून सांगतात. बाई सुकट आणायला उरणजवळच्या मोऱ्याला जायच्या. वाशीला मिळते, पण ती त्यांच्या लेखी सुकटच नव्हे. एका रविवारी त्यांच्या डोक्यात आलं, की ओल्या हातांनी बंदूक कशी धरली जाते ते ओल्या हातांच्या माणसांकडूनच बघावं. झालं. लाकडी कार्बाइन गोणपाटात गुंडाळून बाई जेट्टीवर हजर. जाळी ओढून नुकत्याच उतरलेल्या एका कोळ्याच्या हातात त्यांनी ती दिली. तो बिचारा म्हणाला, "मावशे, ही काय हाय? खरी हाय का?" तेवढ्यात जेट्टीवरचे हवालदार धावत आले. बाईंनी कोळ्याच्या हातातली काढून हवालदारांच्या हातात दिली. "धरा. आता सांगा, पट्ट्याची कडी कुठल्या बाजूला हवी?"

पुढे चौकी झाली, फोन झाले, मालक रविवारचे घामाघूम होऊन परवान्याच्या कागदांसह उरणला गेले. परत येताना गाडीत म्हणाले, "बाई, प्लीज, मला अटॅक येईल एखाद दिवशी. जेट्टीवर बंदूक घेऊन कोण जातं?"

"लाकूड होतं."

"ते त्यांना कसं कळणार?"

"हातात घेतल्यावर कळलं की. आणि कडीचं त्यांनी बरोबर सांगितलं. डाव्या बाजूला पाहिजे."

कडी डाव्या बाजूला गेली. लाकडी बंदुका कारखान्याच्या फाटकाबाहेर न्यायच्या नाहीत असा नियमही त्याच सोमवारी निघाला.

पण बाईंची खरी तऱ्हा म्हणजे उलट वकिली. दोन डिझाइनवरून आमच्यात जुंपली, की बाई दोघांना खोलीत बोलवायच्या आणि बाजू बदलून द्यायच्या. ज्याला जे डिझाइन पटत नाही, त्याने त्याची वकिली करायची. नुसती तोंडदेखली नाही. डिझाइन ज्याचं, त्याने स्वतः "हो, माझं म्हणणं हेच होतं" असं कबूल करेपर्यंत समोरच्याला एकही दोष काढता यायचा नाही. दोष काढायची पाळी त्याच्यानंतर.

पहिल्यांदा मी यात सापडलो तो बोल्ट, म्हणजे गोळीमागचा सरकता लोखंडी ठोकळा, मागे ओढायच्या मुठीवरून. डोंबिवलीहून येणारा आमचा एक सहकारी होता, त्याला आम्ही डोंबिवलीकरच म्हणायचो. त्याला मूठ उजवीकडे हवी होती, मला डावीकडे. मी त्याच्या बाजूने बोलायला उभा राहिलो आणि मुद्दाम बावळट मुद्दे मांडायला लागलो. डोंबिवलीकर प्रत्येक वेळी मान हलवायचा, "नाही, हे माझं म्हणणं नाही." सकाळचे आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच. बाई मधल्या वेळात डबा खाऊन मोकळ्या झाल्या. शेवटी भुकेपोटी मी त्याची बाजू खरीच समजून घेतली, नीट मांडली, तो "हो" म्हणाला, आणि गंमत अशी की तोवर मला मूठ उजवीकडेच बरी वाटायला लागली होती. मी बाहेर येऊन बाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण त्यानंतर मी डिझाइन करताना पहिल्यापासूनच समोरचा काय म्हणेल ते बोलून बघायला लागलो. ती सवय आजतागायत सुटलेली नाही.

मग पोलिसांची मागणी आली. नवीन कार्बाइन निवडायची होती, त्यासाठी कंपन्यांनी आपापली बंदूक चाचणीला आणायची होती. धूळ, पाणी, चिखल, उष्णता, हजारो गोळ्या, सगळं. आमची कंपनी लहान. एकच बंदूक नेण्याची आमची ऐपत, आणि आमच्याकडे तयार होत्या तीन.

पहिली डोंबिवलीकराची, आम्ही तिला जाडी म्हणायचो. तिच्यात कुलूपबिलूप काही नाही. बोल्ट नुसता त्याच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने नळीच्या तोंडाशी टेकलेला. सुटसुटीत, स्वस्त, चिखलात लोळवली तरी चालणारी. पण तो जड बोल्ट मागे-पुढे आपटला की नेम हलायचा. दुसरी माझी, दांडीवाली. नळीतला थोडा वायू एका दांडीला ढकलतो, दांडी बोल्टला ढकलते. बोल्ट हलका, धक्का मऊ, नेम जाग्यावर. मात्र भाग जास्त आणि साफसफाईचे नखरे फार.

तिसरी बाईंची, आखूड.

आखूड बघितली की माणूस थबकायचा. तिची मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, ट्रिगरच्या पुढे नव्हती, मागे होती, दस्त्यात, जवळजवळ काखेशी. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची असूनही अख्खी बंदूक इतर दोघींपेक्षा चांगली वीतभर कमी भरायची. बाईंनी ती उमेदीच्या वर्षांत, सरकारी नोकरीत असताना काढली होती. तेव्हा वरून 'नको' एवढंच उत्तर आलं. का नको ते कुणी सांगितलं नाही. फाइल बंद झाली, नमुना वितळवला गेला. बाई ती डोक्यात ठेवून, तिच्याशीच संसार करावा तशा जगल्या. लग्न केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर नोकरी का मागितली, ते आम्हाला आखूड पुन्हा उभी राहिली तेव्हा कळलं. पासष्टी कधीच ओलांडली होती. ही चाचणी गेली, की पुढची येईस्तोवर त्या काही थांबणार नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

म्हणून आमचं ठरलेलं होतं. आखूडच न्यायची. डोंबिवलीकर तयार होता, मी तयार होतो. माझी दांडीवाली मला प्रिय होती, पण मी चाळिशीही गाठलेली नव्हती, मला आणखी काढता आल्या असत्या. मालक तर आखूडवर फिदाच होते. "फोटोत कसली भारी दिसते! सायन्स फिक्शन वाटते एकदम." मालकांचं फोटोत दिसण्यावर फार लक्ष होतं, पण निदान या वेळी ते आमच्या बाजूला होते.

चाचणीच्या आधी पोलिसांकडून काही जणी नमुने हाताळून बघायला आल्या. रिकाम्या बंदुका, गोळीबार नाही, फक्त हाताळणं. त्यांच्यात लातूरकडची एक कॉन्स्टेबल होती, ठेंगणी, बोलायला तिखट. तिने आखूड उचलली, उजव्या खांद्याला लावली, वळली, वाकली, गुडघ्यावर बसली. "झ्याक हाय ही! गाडीतून उतरताना कुटं अडकनार न्हाई." मी बाईंकडे बघून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या होत्या.

चहा आला. त्या मुलीने कप डाव्या हातात घेतला.

"तू डावरी आहेस?" बाईंनी विचारलं.

ती चपापली. "हाय की मॅडम. पण ट्रेनिंगमदी समद्यास्नी उजव्यानंच शिकिवत्यात. आता सवय झालीया."

"मग परत लाव. डाव्या खांद्यावर."

"नगं मॅडम, आमचे उस्ताद बगतील तर वरडतील."

"तुझे उस्ताद इथे नाहीत. मी आहे."

तिने आखूड डाव्या खांद्याला लावली. क्षणभर तिचा सगळा देह सैल झाला, जणू दिवसभर चावणारी चप्पल काढावी. पण तिचा गाल जिथे टेकला, तिथेच, बोटभर अंतरावर, गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खिडकी होती. इतर बंदुकांत ती खिडकी पुढे असते, ट्रिगरच्याही पुढे. आखूडमध्ये सगळं यंत्र मागे गेल्यामुळे तीही मागे आली होती. उजव्या खांद्यावर लावली की ती तोंडाच्या पलीकडे, डाव्या खांद्यावर लावली की थेट गालाशी.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. अशा सगळ्याच बंदुकांचं हे दुखणं आहे, आणि बाईंनी पुंगळी पुढे नेऊन टाकायचा मार्गही करून बघितला होता, पण ती मध्येच अडकायची. आमच्यापैकी कुणी डावखुरं नव्हतं. खोलीत 'धरा' म्हणून ज्यांच्या हाती बंदूक दिली, त्या सगळ्यांनी ती बाईंच्या हातून उजव्या बाजूने घेतली होती, म्हणून उजव्याच खांद्याला लावली होती. इतकी माणसं धरून बघितली, आणि देताना आपण ती कुठल्या बाजूने देतो, हे बाईंनी कधी बघितलं नाही.

पाहुण्या गेल्या. दुपारी बाई आमच्या कारखान्यातल्या चाचणी-बोगद्यात गेल्या. गोळीबार करायची परवानगी त्यांना होती, पण त्या स्वतः क्वचित करायच्या. डोळ्यांना चष्मा, कानांवर आवरण, आणि आखूड डाव्या खांद्यावर. मी ओरडलो, "बाई, नको! उजवीकडे घ्या!" त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. एक गोळी सुटली. बाईंची मान मागे गेली. त्यांनी बंदूक रीतसर रिकामी केली, खाली ठेवली, मग गालाला हात लावला. चष्म्याच्या खाली चट्टा उठला होता.

"जळलं का?" मी विचारलं.

"जलला," बाई म्हणाल्या. चिडल्या किंवा दुखलं की त्या बोनकोड्याच्या बोलीत जायच्या. "जलनारच. लोखंड हाय, ते काय मावशी हाय का आपली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उलट वकिली बोलावली. माझी दांडीवाली विरुद्ध त्यांची आखूड. जाडीचा नेम हलतो म्हणून डोंबिवलीकराने ती आधीच मागे घेतली होती. मालकही येऊन बसले. मी आखूडची बाजू मांडायची, बाईंनी दांडीवालीची. गालावर मलम लावलेलं होतं.

बाईंना वाटलं असेल, नेहमीसारखं होईल. पण मी रात्रभर तयारी करून गेलो होतो आणि मला जिंकायचंच होतं, आयुष्यात कधी नव्हे इतकं. मी म्हणालो, "कार्बाइन आखूड कशासाठी करतात? गाडीसाठी, जिन्यासाठी, दारासाठी. बाकीचे नळी कापतात आणि मग नेम गमावतात. हिने नळीला हात लावलेला नाही. पूर्ण नळी, आणि तरी दारात वळते. वजन सगळं खांद्याशी, म्हणून हात लवकर भरून येत नाही. रात्रपाळीत उभं राहणाऱ्या बाईला याचा अर्थ कळतो. एका हातानं तोलता येते. दुसरा हात दार उघडायला मोकळा, पडलेल्याला ओढायला मोकळा. ही बंदूक काढणाऱ्यानं बंदूक दाखवायची कशी याचा विचार केलेला नाही. जिला ती दिवसभर वागवायची आहे, तिच्या कमरेचा, तिच्या मनगटाचा विचार केलाय. तोही अशा वेळी, जेव्हा पोलिसांत बाया फारशा नव्हत्याच. हे कुणी तेव्हा ऐकलं नाही, ही बंदुकीची चूक नाही."

डोंबिवलीकर खाली बघत होता.

नियमाप्रमाणे आता बाईंनी सांगायचं होतं. त्यांनी आखूड एकदा उचलली, परत ठेवली. मग म्हणाल्या, "हो. माझं म्हणणं हेच होतं." आणि पदराने डोळे पुसले, उघड उघड, आमच्या समोर. "एवढं नीट मलाही कधी सांगता आलं नव्हतं."

मालक म्हणाले, "चला, मग झालंच ना! फायनल."

"थांबा. माझी वकिली राहिलीय."

बाई उठल्या. दांडीवाली हातात घेतली. "ही लांब आहे. दारात थोडी अडेल. पण हिचा दस्ता आत-बाहेर सरकतो, ठेंगणीलाही बसतो, उंच बाईलाही. पुंगळी तोंडापासून लांब, पुढे पडते. आणि हिच्या दाबायच्या सगळ्या कळा दोन्ही बाजूंना आहेत. डावरीचा अंगठा तिकडून पोचतो, उजव्याचा इकडून. यानं तो विचार केलाय."

मला राहवलं नाही. "नाही केला! बाई, मी कळा दोन्हीकडे ठेवल्या कारण सारखा भाग मशीनवर काढायला सोपा जातो. डावखुऱ्यांचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. हे माझं म्हणणं नाहीच!"

"मग आता कर विचार. मी थांबते."

मी त्यांच्याकडे रागाने बघत होतो. त्या खरंच थांबल्या, जेवणाची वेळ उलटून जाईल अशा तयारीने. त्यांचं थांबणं मला माहीत होतं.

मालकांनी मध्ये तोंड घातलं. "बाई, डावखुरे असतात किती? आणि उजव्यानंच शिकवतात ना सगळ्यांना. फालतू टेन्शन घेताय."

"रेंजवर शिकवतात, मालक. घाबरलेला माणूस आईनं दिलेल्या हातानं धरतो. आणि उजव्यांचंही सांगते. भिंतीच्या डाव्या कडेआडून वाकून बघायचं असेल, तर उजव्या खांद्यावर लावून अख्खं अंग बाहेर काढावं लागतं. तिथे शहाणा माणूस खांदा बदलतो. तेव्हा त्याच्या गालावर काय बसेल? नेमकं जेव्हा डोळा मिटून चालणार नाही, तेव्हा."

"पण बाई, ही तुमची आहे! तुमची स्वतःची!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची असती तर मी म्हटलं असतं, सुधारून आणा. माझी मला ठाऊक आहे. सुधारायला दोन वर्षं लागतील, आणि चाचणी तोंडावर आलीय. त्या पोरीचा गाल जालून मना मोठा व्हायचा नाय."

मालकांनी मतं घेऊ या म्हटलं. आम्ही सगळ्यांनी हात वर केले, आखूडसाठी. बाईंनी वर उठलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे प्रेम झालं. डिझाइनचं काय?" मग माझ्याकडे वळल्या. "बोल. तुझं म्हणणं काय आहे?"

मला ती मुलगी आठवली. डाव्या खांद्याला लावताना तिचा सैल झालेला देह. आणि हे कबूल करताना मला जेवढा त्रास झाला तेवढा कधी कशाचा झाला नाही. मी म्हणालो, "हो. आता माझं म्हणणं हेच आहे."

"झालं," बाई म्हणाल्या, आणि त्याच बैठकीत, त्याच टेबलावर दांडीवालीच्या चुका काढायला बसल्या. संध्याकाळ होईपर्यंत त्यांनी तिची पार सालं काढली. वायूच्या भोकाशी काजळी धरते. साफ करताना काढायची खीळ इतकी बारीक, की अंधारात पडली तर गेलीच. मॅगझीनची कळ ओल्या हातांना निसरडी. मी चिडून म्हणालो, "बाई, जरा दम तर खाऊ द्या. आत्ताच तर तुम्ही तिची बाजू घेतलीत."

"तुझी बाजू घेतली म्हणून तर," बाई म्हणाल्या. "आता ती हरली तर मी हरले."

पुढचे महिने आम्ही पिसाटासारखं काम केलं. बाई सगळ्यांच्या आधी येत आणि शेवटी जात. खीळ अशी केली की ती सैल होईल पण निघणार नाही. आखूडचा नमुना नियमाप्रमाणे कापून निकालात काढायचा होता, ते काम मला जमेना, मी काहीतरी सबबी सांगत टाळत राहिलो. एक दिवस कारखान्यात गेलो तर बाईंनीच ती बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात पकडून करवत लावली होती. मशीन असताना हाताने. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "त्या बाजूनं धर, हलतेय." मी धरली. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. बाईंनी मात्र एकदाही हात थांबवला नाही.

चाचणीचा दिवस आला. उन्हाने भाजून निघणारं मैदान, रांगेत टेबलं, प्रत्येक टेबलावर एकेका कंपनीची कार्बाइन. आमची दांडीवाली धुळीतून निघाली, पाण्यातून निघाली, चिखलात एकदा अडखळली आणि पुन्हा सुरू झाली. निकाल काही त्या दिवशी लागणार नव्हता. दुपारी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची पाळी होती, आणि त्या रांगेत ती लातूरची मुलगी होती. इतर टेबलांवर तिने बंदुका उजव्या खांद्याला लावल्या. आमच्या टेबलाशी आली, दांडीवाली उचलली, एकदा उलटसुलट करून कळा बघितल्या, आणि मागे उभ्या उस्तादांना न विचारता ती डाव्या खांद्याला लावली. उस्ताद काहीतरी बोलणार होते. तिने गोळ्या झाडल्या, एकेक, सावकाश, आणि पुंगळ्या तिच्यापासून लांब, पुढे मातीत पडत गेल्या. लक्ष्याकडे बघून उस्तादांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

बंदूक ठेवून ती आमच्यापाशी आली. घामाने निथळत होती, पण चेहरा उजळलेला. "सर, ही कुनी बनविली वो?"

मी म्हणालो, "बाईंनी."

बाई माझ्यावर एवढ्या खेकसल्या की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "खोटं बोलू नको. अगं, ही यानं बनवली. मी फक्त माझी मोडली."

त्या मुलीला यातलं काही समजलं नाही. ती हसली, आपल्या डाव्या गालावरची धूळ बाहीने पुसली, आणि अजून एकदा झाडायला मिळेल का ते विचारायला उस्तादांकडे गेली.